शुनःशेपाचा दावा : टाकलेली मुले आणि कायद्याचा इतिहास

ऐतरेय ब्राह्मणातली शुनःशेपाची कथा आपण बहुधा हरिश्चंद्राची कथा म्हणून वाचतो. वरुणाला पुत्राचा बळी देण्याचे वचन दिलेला राजा, जीव वाचवण्यासाठी रानात निघून गेलेला त्याचा मुलगा रोहित, आणि रोहिताऐवजी बळी जायला विकत घेतलेला एक ब्राह्मणपुत्र असा तिचा ढाचा. त्या ब्राह्मणपुत्राच्या बाजूने ती क्वचितच वाचली जाते. भुकेने गांजलेल्या अजीगर्ताला तीन मुलगे. थोरल्याला बापाने धरून ठेवले, धाकट्याला आईने; मधला शुनःशेप शंभर गाईंना विकला गेला. यज्ञात त्याला यूपाला बांधायला कोणी तयार होईना, तेव्हा आणखी शंभर गाई घेऊन बापानेच बांधले. मारायला कोणी पुढे येईना, तेव्हा तिसऱ्या शंभर गाईंच्या बोलीवर सुरी परजत बापच पुढे आला. मुलाने देवतांची स्तुती केली, पाश गळून पडले, आणि तो विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसला.

कथेचा खरा पेच इथून पुढे आहे. अजीगर्त मुलगा परत मागतो. विश्वामित्र नकार देतो. मग बाप थेट मुलाशी बोलतो : तू जन्माने आंगिरस आहेस, आजोबा-पणजोबांचा धागा तोडू नकोस. मुलगा उत्तर देतो की तुझ्या हातातली सुरी सर्वांनी पाहिली आहे, आणि तू माझ्याहून तीनशे गाई पसंत केल्यास. बाप पश्चात्ताप झाल्याचे सांगतो, गाई मुलाला देऊ करतो. मुलाचे म्हणणे असे की ज्याने एकदा हे केले तो पुन्हा करील. या कृत्यानंतर समेट होऊ शकत नाही. शुनःशेप देवरात होतो आणि विश्वामित्राचा ज्येष्ठ पुत्र म्हणून त्याच्या घराण्याचा वारसा घेतो. राजसूयात ही कथा राजाला ऐकवली जाई. राज्याभिषेकाच्या प्रसंगी, ज्याच्याकडे पुढे न्यायदान यायचे त्या राजाच्या कानांवर, बापाला नाकारणाऱ्या मुलाचे म्हणणे घातले जाई, ही गोष्ट सहज सोडून देण्यासारखी नाही.

ज्यांना आईने वा बापाने टाकले, पोसले नाही, अशी मुले मोठी झाल्यावर कायद्याच्या दारात काय मागू शकतात, हा या लेखाचा विषय. कायद्याला लहान मूल दिसते. म्हातारे आईबापही दिसतात. या दोहोंच्या मध्ये उभे असलेले, वाढून मोठे झालेले, हिशेब मनात घेऊन आलेले माणूस त्याला फारसे दिसत नाही. असे का झाले, ते पाहायला थोडे मागे जावे लागते.

धर्मशास्त्रकारांना शुनःशेप माहीत होता. वासिष्ठ धर्मसूत्रात पुत्रांचे प्रकार सांगताना ‘क्रीत’ आणि ‘स्वयमुपागत’ या दोन्ही पुत्रांसाठी त्याचाच दाखला येतो : हरिश्चंद्राने त्याला विकत घेतले म्हणून तो क्रीत, आणि विश्वामित्राकडे तो आपण होऊन गेला म्हणून स्वयमुपागत. मनुस्मृतीतल्या बारा पुत्रांत ‘अपविद्ध’ आणि ‘स्वयंदत्त’ हे दोन आहेत. आईबापांनी किंवा दोघांपैकी एकाने टाकलेला आणि दुसऱ्याने स्वीकारलेला तो अपविद्ध. ज्याला आईबाप उरले नाहीत, अथवा ज्यांनी त्याला विनाकारण टाकले, आणि जो स्वतःच स्वतःला दुसऱ्याच्या हवाली करतो तो स्वयंदत्त. ‘विनाकारण’ या शब्दाकडे लक्ष द्यायला हवे. आईबापांनी टाकण्याला कारण होते की नव्हते, हा विचार तिथे आहे, आणि कारण नसेल तर मुलाला दुसरे घर निवडण्याची वाट आहे. पोटगीची वाट ती नव्हे. नाते सोडून जाण्याची वाट आहे.

ही वाट पुढे बंद झाली. कलिवर्ज्यांच्या यादीत औरस आणि दत्तक सोडून बाकीचे पुत्र निषिद्ध ठरले. म. म. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात कलिवर्ज्यांचे जे सविस्तर प्रकरण आहे, ते वाचताना जुन्या समाजाने आपले कोणते दरवाजे कधी लावून घेतले याचा अंदाज येतो. दत्तकविधानात मुलगा देणारा आणि घेणारा असे दोघे लागतात. मुलगा स्वतः देय वस्तू असतो. स्वयंदत्तात देणारा तोच होता. तो प्रकार गेल्यावर टाकलेल्या मुलाला स्वतःच्या इच्छेने करता येण्यासारखे काही उरले नाही.

निर्वाहाबद्दलही असेच झाले. मनूच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या आणि मिताक्षरेने आधाराला घेतलेल्या एका प्रसिद्ध वचनाचा आशय असा, की वृद्ध मातापिता, साध्वी भार्या आणि लहान मूल यांचे पोषण शंभर अकार्ये करूनही केले पाहिजे. मूल ‘शिशु’ असेपर्यंतच ते या यादीत आहे. मोठ्या मुलाची सोय दुसरीकडे होती : मिताक्षरेनुसार वडिलार्जित मिळकतीत त्याला जन्मतःच हक्क, आणि तो वाटप मागू शकतो. पोसत नसलेल्या बापावर सज्ञान मुलाचा खरा उपाय म्हणजे वाटपाचा दावा. तोही सरसकट नव्हता. १८९१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने असा निर्णय दिला, की बाप स्वतः आपल्या बापाशी किंवा भावांशी एकत्र असेल तर त्याच्या संमतीवाचून मुलाला वाटप मागता येणार नाही. मुंबई इलाख्यातला मुलगा अशा घरात बापाच्या मर्जीवर राहिला. ज्या घरात वडिलार्जित काही नव्हतेच, तिथे तर जन्मसिद्ध हक्क हा शब्दच पोकळ होता. विवाहबाह्य संततीच्या बाबतीत शास्त्र जातीप्रमाणे बदले. मिताक्षरेनुसार त्रैवर्णिकाच्या दासीपुत्राला वाटा नाही, पण तो आज्ञेत राहील तर निर्वाह आहे. शूद्राच्या दासीपुत्राला मात्र काही वाटाही आहे. या व्यवस्थेत उच्चनीचता उघड आहे. तरीही बापाशी काहीएक आर्थिक संबंध तिने मानला होता, एवढे इथे लक्षात ठेवू.

दुसऱ्या एका संस्कृतीने हा प्रश्न कसा सोडवला होता ते पाहणे उद्बोधक ठरेल. प्लुटार्कने लिहिलेल्या सोलोनच्या चरित्रात त्याचा एक कायदा नोंदलेला आहे : ज्या बापाने मुलाला कोणताही धंदा शिकवला नाही, त्याला म्हातारपणी पोसण्याचे बंधन मुलावर नाही. विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलालाही या बंधनातून सूट होती. इ. स. पू. ३४५ मधल्या आयस्किनीसच्या भाषणात आणखी एक नियम येतो. बापाने मुलाला वेश्याव्यवसायासाठी भाड्याने दिले असेल, तर मोठेपणी त्या मुलाने बापाला पोसायचे किंवा घरात ठेवायचे कारण नाही. बाप मेल्यावर अंत्यसंस्कार मात्र त्याने करावेत. आईबापांना पोसणे हे अथेन्समध्ये गंभीर कर्तव्य होते आणि ते मोडणाऱ्याला शिक्षा होती. तरीही ते कर्तव्य एकतर्फी नव्हते. बापाने आपला वाटा उचलला होता का, असे कायदा आधी विचारत होता.

आता इंग्रजी अमदानीकडे येऊ. बायकामुलांच्या निर्वाहाची तरतूद इंग्रजांनी फौजदारी प्रक्रिया संहितेत घातली, दिवाणी कायद्यात नव्हे. टाकलेली बायकामुले उपासमारीने भटकायला लागू नयेत, हा त्यामागचा विचार. १८९८ च्या संहितेतले कलम ४८८ दीर्घकाळ टिकले. पुरेशी ऐपत असलेला पुरुष बायकोला, अथवा ‘स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ’ अशा औरस वा अनौरस अपत्याला पोसत नसेल, तर दंडाधिकाऱ्याने दरमहा रक्कम ठरवून द्यावी. मूळ मर्यादा एकूण पन्नास रुपये. या कलमाचे वैशिष्ट्य असे की त्यात अपत्याचे वय लिहिलेले नव्हते. ‘अज्ञान’ हा शब्द तिथे नाही. निकष एकच : मूल स्वतःला पोसू शकते की नाही.

१९५६ साली हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आला आणि त्याच्या कलम २० ने मर्यादा स्पष्ट केली. औरस असो वा अनौरस, मुलाला अज्ञान असेपर्यंत निर्वाह मागता येईल; अविवाहित मुलगी स्वतःच्या मिळकतीतून राहू शकत नसेल तर तिला त्यापुढेही. मुलगा अठराव्या वर्षी बाहेर. त्याच वर्षीच्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विवाहबाह्य अपत्याचे नाते वारसापुरते फक्त आईशी जोडले. दासीपुत्राचा तो जुना, अपमानास्पद पण खरा वाटाही त्याबरोबर गेला.

फौजदारी कलम मात्र जुन्याच शब्दांत उभे होते. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे नानकचंद विरुद्ध चंद्रकिशोर अगरवाल या खटल्यात प्रश्न आला : कलम ४८८ मधले ‘अपत्य’ म्हणजे अज्ञान अपत्यच का? न्यायालयाने नाही म्हटले. या शब्दाला वयाची अट जोडता येत नाही, स्वतःला पोसू न शकणारा सज्ञान मुलगाही त्यात येतो, आणि १९५६ च्या कायद्याने हे कलम रद्द झालेले नाही. शिक्षण चालू असलेल्या, कमाई नसलेल्या मुलांसाठी हा मोठाच आधार होता. भारतीय कायद्याने सज्ञान अपत्याला निरपवादपणे ‘अपत्य’ म्हटले असा तो क्षण.

तो पाच वर्षेही टिकला नाही. १९७३ ची नवी फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली. कलम ४८८ ची जागा घेणाऱ्या कलम १२५ मध्ये ‘अज्ञान’ हा शब्द आला. सज्ञान अपत्याला निर्वाह हवा असेल तर शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे तो असमर्थ असला पाहिजे, आणि ते अपत्य विवाहित मुलगी असता कामा नये. याच कलमात एक नवा हक्क प्रथमच दाखल झाला : स्वतःला पोसू न शकणाऱ्या आईबापांना मुलांकडून निर्वाह मागता येईल. म्हणजे ज्या कलमाने सज्ञान मुलाचा मागण्याचा हक्क काढून घेतला, त्याच कलमाने त्याच दिवशी त्याच्यावर देण्याचे बंधन घातले. दोन्ही गोष्टींची स्वतंत्र समर्थने करता येतील. त्या एकत्र वाचल्या म्हणजे मात्र एक प्रश्न उरतोच : ज्याने दिलेच नाही त्याने मागावे काय? कलम १२५ मध्ये या प्रश्नाला जागा नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ ही त्याचीच पुढची आवृत्ती आहे, आणि तिथेही ती नाही.

मग आज सज्ञान अपत्याच्या हाती काय उरते? पहिला मार्ग निर्वाहाचा, पण तो अरुंद. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले की अविवाहित हिंदू मुलीला सज्ञान झाल्यावर निर्वाह हवा असेल तर व्यंग नसताना कलम १२५ चा उपयोग नाही. तिने १९५६ च्या कायद्याच्या कलम २० खाली दावा करावा. त्या कायद्यात निर्वाहाच्या व्याख्येतच शिक्षण आहे, आणि अविवाहित मुलीच्या लग्नाचा वाजवी खर्चही. मागच्या थकबाकीचे गणित मुदतीच्या कायद्यावर अवलंबून. १९६३ च्या मुदत कायद्यात हिंदूच्या निर्वाहाच्या थकबाकीसाठी तीन वर्षे आहेत, आणि ज्याचा दाव्याचा हक्क अज्ञानपणी निर्माण झाला त्याला सज्ञान झाल्यावर जास्तीत जास्त तीन वर्षांची सवलत मिळते. म्हणजे मनातला हिशेब कितीही जुना असला तरी कायद्याचे चोपडे एकविसाव्या वर्षाच्या आसपास मिटते. दंडाधिकाऱ्याने ठरवलेली पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज वर्षाच्या आत करावा लागतो.

दुसरा मार्ग वारशाचा. बापाने पोसले नाही म्हणून औरस मुलाचा वारसा जात नाही. वडिलार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच आहे. मुलीचाही, महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने. स्वकष्टार्जित मिळकत मात्र बाप मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतो. अवैध ठरलेल्या विवाहातल्या अपत्यांना २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने आईबापांच्या मिळकतीत हक्क आहे, त्यांच्या वाट्याला येणाऱ्या एकत्र कुटुंबातल्या हिश्शासह. विवाहच झालेला नसेल तर ही वाट नाही.

तिसरा मार्ग सर्वांत विलक्षण आहे : न्यायालयाकडून फक्त एवढेच जाहीर करून घेणे, की हा माझा बाप. उत्तर प्रदेश व उत्तराखंडचे माजी मुख्यमंत्री नारायण दत्त तिवारी यांच्याविरुद्ध रोहित शेखर यांनी २००८ साली दिल्ली उच्च न्यायालयात केलेला दावा असा होता. मार्गात पुरावा कायद्याचे कलम ११२ उभे होते : वैध विवाह चालू असताना जन्मलेले मूल त्या पतीचेच, असे गृहीतक. चार वर्षे लढा चालला, २०१२ साली न्यायालयाच्या आदेशाने रक्ताचा नमुना घेतला गेला आणि पितृत्व सिद्ध झाले. २०१४ साली तिवारींनी मुलाला जाहीरपणे स्वीकारले. दाव्याचा गाभा पैसा नव्हता. पण प्रत्येकाला असे यश मिळत नाही. २०२५ च्या जानेवारीत केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान मुलाची जनुकीय चाचणीची मागणी नाकारली. आईचा विवाह त्या काळात चालू होता, पतीपत्नींचा संपर्क अशक्य असल्याचे सिद्ध झाले नव्हते. तेव्हा औरसत्व हेच पितृत्व, आणि दुसऱ्या कोणाच्या रक्ताची चौकशी नको. मुलावर अनौरसतेचा डाग लागू नये म्हणून १८७२ साली केलेले गृहीतक इथे मुलाच्याच वाटेत आडवे आले.

नाव मागणे ही गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ साली आले, किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ साली. दोन्हींत बाप प्रतिष्ठित आहे, माहीत आहे, आणि गैरहजर आहे. आपण ही पुस्तके दलित व भटक्या समाजाची आत्मकथने म्हणून शिकवतो, ते योग्यच आहे. पण ती एका विशिष्ट कायदेशीर परिस्थितीचीही कागदपत्रे आहेत. १९५६ साली ज्या मुलाचे बापाशी वारसाचे नाते कायद्याने तोडले, त्या मुलाची ती जबानी आहे; आणि योगायोग असा की लिंबाळे यांचा जन्मही त्याच वर्षीचा. शाळेच्या पटावर कोणते नाव लावायचे हा त्यांच्या कथनातला प्रसंग भावनिक तर आहेच, पण ज्या जागेवर बापाचे नाव कागदोपत्री यायचे, ती त्या मुलाच्या आयुष्यातली एकमेव सरकारी जागा होती. काळे यांनी आपल्या नावात आईचे नाव घातले. पितृत्व मागण्याऐवजी ते अनावश्यक ठरवण्याचा हा मार्ग, शुनःशेपाच्या मार्गाचा सख्खा भाऊ. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली निर्णय घेऊन १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव सक्तीचे केले, तेव्हा तीस वर्षांपूर्वी एका मुखपृष्ठावर हे घडून गेले होते.

आता उलट बाजू. पोसले नाही असा बाप म्हातारपणी निर्वाह मागायला आला तर? १९८७ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की स्वतंत्र मिळकत असलेल्या विवाहित मुलीवरही आईबापांना पोसण्याची जबाबदारी आहे. लग्नाने मुलगी मुलगी असण्याचे थांबत नाही. मुलीला वारस मानण्याच्या दिशेने हे पाऊल आवश्यकच होते. पुढे २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याने न्यायाधिकरणे नेमली आणि दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहाची सोय केली. या कायद्यात, आईबापांनी स्वतः कर्तव्य केले होते का, हे विचारणारे कलम नाही.

इतरत्र ते आहे. फ्रान्सच्या नागरी संहितेच्या कलम २०७ नुसार, मागणाऱ्याने स्वतःच आपले कर्तव्य गंभीरपणे चुकवले असेल तर न्यायाधीश मुलाला पूर्णतः वा अंशतः मोकळे करू शकतो. जर्मन संहितेच्या कलम १६११ मध्येही मुलाच्या निर्वाहाकडे घोर दुर्लक्ष करणाऱ्याचा हक्क घटतो किंवा जातो. सिंगापूरने १९९५ साली आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा केला, तेव्हा टाकणे, छळ व दुर्लक्ष ही बचावाची कारणे त्यातच घातली. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात मुलाच्या अज्ञानपणी दहा वर्षे त्याला टाकून देणाऱ्या पालकाला मुलाकडून काही मिळत नाही. ही सोलोनचीच परंपरा. तिची मर्यादाही जर्मनीतच दिसली. २०१४ साली तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे आलेल्या बापाने मुलाशी दशकानुदशके संबंध तोडले होते. तरीही वृद्धाश्रमाच्या खर्चापोटी सुमारे नऊ हजार युरो मुलाकडून घेणे न्यायालयाने योग्य ठरवले, कारण मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत बापाने त्याला सांभाळले होते. पोसले नाही आणि प्रेम केले नाही यांत कायद्याने रेषा ओढली. पहिल्याचा हिशेब त्याला करता येतो. दुसऱ्याचा येत नाही, आणि त्याने तो करूही नये.

आपल्याकडे अशी रेषा ओढायला पूर्ण मज्जाव आहे असे नाही. १९५६ च्या कायद्याचे कलम २३ सांगते की निर्वाह द्यावा की नाही आणि किती द्यावा हे ठरवणे न्यायालयाच्या विवेकाधीन आहे. ही फट आहे, दार नाही. विवेकावर सोडलेल्या गोष्टीत निकाल न्यायाधीशागणिक बदलतो, आणि ज्याला बालपणीचा पुरावा वीस वर्षांनी द्यायचा आहे त्याच्याजवळ कागद नसतात. उपेक्षेची नोंद ठेवणारे कोणी नसते. आई असते, तिची साक्ष असते, आणि पुष्कळदा ती हयात नसते.

या साऱ्याकडे पाहता भारतीय कायद्याने एक निवड केलेली दिसते. नाते जन्माने येते, ते आचरणावर अवलंबून नाही, असे तो मानतो. या मानण्यात औदार्य आहे : लायकी तपासून भाकरी देणारा कायदा वृद्धांना फार क्रूर ठरेल, आणि कृतघ्न मुले उपेक्षेचा खोटा कांगावा करतील. पण ज्या दिवशी आपण सज्ञान मुलाचा मागण्याचा हक्क आणि जुना हिशेब मांडण्याचा हक्क असे दोन्ही काढून घेतले, त्या दिवशी जन्माच्या नात्याचा सारा भार एकाच खांद्यावर गेला. कलम १४४ मध्ये किंवा २००७ च्या कायद्यात एका वाक्याची भर, की मागणाऱ्याने अपत्याच्या अज्ञानपणी आपले कर्तव्य ऐपत असून जाणूनबुजून टाळले असेल तर न्यायालयाने ते विचारात घ्यावे, एवढीही पुरेल. ‘ऐपत असून’ हे शब्द त्यात हवेतच. अजीगर्त भुकेला होता, हे ब्राह्मणकारानेही लपवलेले नाही; पहिल्या शंभर गाई त्याने पोटासाठी घेतल्या असे एखादा न्यायाधीश म्हणू शकेल. प्रश्न दुसऱ्या आणि तिसऱ्या शंभरांचा आहे.